वेगळ्या वंशाच्या माणसाशी ओळख करताना: अवघडलेपण कुठून येतं, ते कसं उतरवायचं

कॉलेजच्या कँटीनमध्ये एका टेबलावर पुण्या-साताऱ्याची मुलं बसतात, शेजारच्या टेबलावर नायजेरिया-केनियाहून शिकायला आलेली. वर्ष सरत येतं तरी 'हाय'च्या पुढे मजल जात नाही. पहिल्या टेबलावर कारण विचारलं तर उत्तर येतं, "आमची काही हरकत नाही, त्यांनाच आपापल्यात राहायचं असतं." दुसऱ्या टेबलावर विचारलं तर तिथेही बहुधा हेच ऐकायला मिळेल.

निकोल शेल्टन आणि जेनिफर रिचसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांमध्ये हीच कोंडी तपासली. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांशी अधिक ओळख हवी होती, आणि समोरच्यांना ती नको आहे असंही दोन्हीकडे वाटत होतं. आपण पुढे का होत नाही, तर झिडकारतील या भीतीने; समोरचा पुढे का होत नाही, तर त्याला रसच नाही म्हणून. वागणं सारखंच, पण स्वतःसाठी एक कारण आणि दुसऱ्यासाठी वेगळं. पुढे जे काही सांगितलं आहे त्यातलं बरंचसं या एका गैरसमजाशी जोडलेलं आहे. समोरचा आखडून वागला तर त्याला आपण आवडत नाही, असा निष्कर्ष पहिल्या चार-पाच भेटींत काढायचा नाही.

पुण्या-मुंबईत परदेशी किंवा ईशान्येकडच्या मुलांबरोबर शिकणारे, त्यांना घर देणारे, त्यांच्या शेजारी राहणारे यांना हे उपयोगी पडेल. न्यू जर्सीला किंवा लंडनला नोकरीसाठी गेलेल्यांनाही. तिथे गंमत अशी होते की आपण स्वतः 'वेगळे' ठरतो, आणि तरी काळ्या सहकाऱ्याविषयीच्या इथूनच नेलेल्या कल्पना डोक्यात शाबूत असतात. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" हे ऐकत वाढलेल्या माणसाने आपल्या मनात रंगाची उतरंड नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. ती आहे हे गृहीत धरून वागलं की काम सोपं होतं.

शरीर काय बोलतं

वॉल्टर आणि कुकी स्टीफन या दांपत्याने १९८५ मध्ये या अवघडलेपणाची नीट मांडणी केली. दुसऱ्या गटाच्या माणसाशी बोलताना मनात एक वेगळीच चिंता असते. बहुसंख्य गटातल्या माणसाला वाटतं, 'मी वंशभेदी दिसेन'. अल्पसंख्य गटातल्याला वाटतं, 'हा मला माणूस म्हणून नाही, नमुना म्हणून बघेल'. चिंतेची लक्षणं मात्र दोघांची एकच: नजर चुकवणं, तुटक वाक्यं, ओढूनताणून आणलेलं हसू, अर्धं पाऊल मागे, सारखा फोन बघणं. हीच सगळी लक्षणं नावडीचीही असतात. तिथेच घोळ होतो.

जॉन डोविडिओ आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या प्रयोगातून एक गोष्ट पुढे आली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोऱ्या विद्यार्थ्यांनी 'आपण किती छान बोललो' हे स्वतःच्या शब्दांवरून ठरवलं; काळ्या विद्यार्थ्यांनी मात्र समोरच्याच्या देहबोलीवरून ठरवलं. एकाच संभाषणातून दोघं दोन मतं घेऊन उठले. त्यामुळे अवघडल्यासारखं वाटलं की आपण जे करतो, म्हणजे बोलण्यात आणखी साखर घालतो, ते निरुपयोगी आहे. तोंड गोड आणि खांदे ताठ हे मिश्रण समोरच्याला चटकन कळतं.

शब्दांपेक्षा परिस्थिती बदलणं सोपं जातं. पहिली भेट १०-१५ मिनिटांची ठेवा आणि हातात काहीतरी काम असू द्या: प्रॅक्टिकलची जोडी, टीमची एखादी नोंद, टेरेसवरची टाकी बघून येणं, काहीही. काम असलं की नजरेला जागा मिळते आणि शांततेचं ओझं होत नाही. बसायचं असेल तर समोरासमोर न बसता टेबलाच्या काटकोनात बसा. समोरासमोर बसलं की मुलाखत होते. "चला, आपण गप्पा मारू" असं ठरवून, चहा मागवून, एका तासासाठी बसवलेली पहिली भेट बहुतेकदा फसते, कारण तिच्यात गप्पा हेच काम असतं आणि दोघांनाही ते जमत नसतं.

दुसरं, मनातलं उद्दिष्ट बदला. फिलिप अटीबा गॉफ, क्लॉड स्टील आणि पॉल डेव्हिस यांच्या २००८ सालच्या प्रयोगात गोऱ्या तरुणांना काळ्या व्यक्तींशी बोलण्यासाठी खुर्च्या मांडायला सांगितल्या होत्या. विषय प्रेम आणि नातेसंबंध असेल तेव्हा खुर्च्या जवळ आल्या. पोलीस वंश बघून संशय घेतात हा विषय असेल तेव्हा दूर गेल्या. कारण मनातला द्वेष नव्हे, तर 'मी वंशभेदी ठरेन' ही धास्ती, असं दिसलं. आणि 'ही शिकण्याची संधी समजा' असं आधी सांगितल्यावर ते अंतर कमी झालं. म्हणून भेटीआधी स्वतःला 'मी चांगला दिसलो पाहिजे' असं सांगू नका. 'या माणसाविषयी एक गोष्ट कळली पाहिजे' असं सांगा. एकच गोष्ट. ती काय कळली हे नंतर आठवून बघता येतं. 'चांगला दिसलो का' हे तपासायची सोय नसते.

तिसरी युक्ती पीटर गॉलवित्झर यांच्या कामातली, 'जर-तर'ची. "मी मोकळेपणाने वागेन" हा संकल्प वेळेवर उपयोगी पडत नाही. "मला अवघडल्यासारखं झालं, तर मी त्याच्या प्रोजेक्टविषयी एक प्रश्न विचारेन" हे वाक्य उपयोगी पडतं, कारण त्यात कधी आणि काय हे दोन्ही आहे. असं एक वाक्य आधी मनात म्हणून ठेवा. पाच नकोत.

नाव

नाव चुकलं की पुढचं सगळं महाग पडतं. कानाने ऐका, स्वतः एकदा म्हणून दाखवा, "बरोबर म्हटलं ना?" विचारा, आणि लगेच देवनागरीत लिहून ठेवा. रोमन लिपीतल्या स्पेलिंगपेक्षा देवनागरीत बहुतेक नावं जास्त नीट उतरतात, हा आपला फायदा आहे. 'मोठं नाव आहे, मी सॅम म्हणतो' हे आपण ठरवायचं नसतं. ज्यांना श्रीनिवासराव कुलकर्णी म्हणता येतं त्यांना चुक्वुएमेका म्हणता येतं.

नावाची रचनाही माहीत असावी. इथिओपियातल्या माणसाच्या नावामागे वडिलांचं नाव येतं, आडनाव नसतंच. तेव्हा दुसऱ्या नावाला 'मिस्टर' लावलं तर तुम्ही त्याच्या वडिलांना हाक मारताय. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं, कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, क्वामे शनिवारी. मिझो नावांत शेवटी 'आ' असेल तर साधारणपणे पुरुष, 'ई' असेल तर स्त्री, आणि आडनाव बहुधा नसतं. म्हणून फॉर्मवर आडनावाची रिकामी चौकट बघून "अपूर्ण आहे" म्हणून परत पाठवू नका. मेघालयातल्या खासी मुलांना आईच्या कुळाचं नाव मिळतं, त्यामुळे "वडिलांचं आडनाव वेगळं कसं?" हा प्रश्न सोसायटीच्या ऑफिसात विचारायची गरज नाही.

चेहरे सारखे दिसतात, त्याचं काय

"ते सगळे सारखेच दिसतात" हे कुणी म्हणत नाही, पण बहुतेकांना जाणवतं, आणि त्यांनाही आपल्याबद्दल तेच जाणवतं. ही कुणाच्या मनाची घाण नव्हे, नजरेच्या सवयीचा परिणाम आहे. क्रिस्टियन माइस्नर आणि जॉन ब्रिगम यांनी २००१ मध्ये ३९ संशोधन-लेखांमधल्या जवळपास ५ हजार लोकांची माहिती एकत्र केली. आपल्या वंशाचा आधी पाहिलेला चेहरा बरोबर ओळखण्याची शक्यता १.४ पट जास्त निघाली. दुसऱ्या वंशाचा न पाहिलेला चेहरा 'पाहिलाय' असं चुकून म्हणण्याची १.५६ पट. सवय लहानपणी लागते आणि लहानपणी बदलतेही. बालवयात दत्तक जाऊन फ्रान्समध्ये वाढलेल्या कोरियन व्यक्तींना मोठेपणी गोरे चेहरे जास्त चांगले ओळखता आले.

उपाय असा. या त्रुटीची आधी कल्पना दिली आणि प्रत्येक चेहऱ्यातलं वेगळेपण शोधायला सांगितलं, तर ती कमी होते, हे कर्ट ह्यूगेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. आपण मराठी लोक ओळख पटवायला केस, भांग, मिशी, चष्मा यांवर विसंबतो. आफ्रिकी मुलींची केशरचना महिन्याभरात तीनदा बदलू शकते, मग ओळख पुसली जाते. म्हणून केस सोडून द्या. भुवईची कमान, नाक आणि वरच्या ओठातलं अंतर, कानाची पाळी, हनुवटी, चालण्याची ढब, आवाज यांपैकी दोन गोष्टी पहिल्या भेटीत हेरा. खात्री नसेल तर नाव घेऊन हाक मारू नका, "नमस्कार, आपण मागच्या आठवड्यात लॅबमध्ये भेटलो का?" असं विचारा. वर्गात दोनच काळ्या मुली असताना एकीला दुसरीच्या नावाने हाक मारणं हे त्या दोघींच्या दृष्टीने उच्चार चुकण्यापेक्षा फार मोठं असतं.

कोणते प्रश्न, कोणते नकोत

"तुम्ही कुठले?" हा आपला जिव्हाळ्याचा प्रश्न. गाव कळल्याशिवाय मराठी माणसाचं पुढे बोलणं होत नाही. प्रश्नात वाईट काही नाही, वाईट असतो तो त्याच्यामागून येणारा दुसरा प्रश्न. "मणिपूर." "हो, पण मूळचे?" सपना चेरियन आणि बेन्वा मोनिन यांनी २००५ मध्ये आशियाई वंशाच्या अमेरिकनांवर अभ्यास केला. 'तू खरा इथला नाहीस' असं सुचवलं गेलं की माणूस दुखावतो आणि आपण इथलेच आहोत हे सिद्ध करत बसतो. ईशान्येकडच्या मुलांचं निम्मं बोलणं इथे यातच जातं. तेव्हा पहिलं उत्तर मिळालं की तेच अंतिम. पुढचा प्रश्न त्या उत्तराच्या आत जाणारा हवा: मणिपूर तर इंफाळ की डोंगराकडचा भाग? नायजेरिया तर लागोस की उत्तरेकडे? यासाठी थोडी तयारी लागते. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि ईशान्येत सिक्कीम धरून ८ राज्यं. समोरच्याचा देश किंवा राज्य नकाशावर एकदा बघून ठेवायला दोन मिनिटं पुरतात.

टाळायच्या गोष्टींची यादी मोठी करता येईल, पण सारखी भेटणारी चार-पाचच आहेत. "तुमचं इंग्रजी किती छान आहे" हे नायजेरियन किंवा नागा मुलाला सांगू नका; दोन्हीकडे इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा आहे, आणि हे कौतुक 'मला अपेक्षा नव्हती' असं ऐकू येतं. केसांना हात लावू नका, "हे खरे आहेत का?" हेही नको. केसांवरून होणारा भेदभाव इतका जुना आहे की कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला, अमेरिकेतलं ते पहिलं राज्य. न विचारता फोटो नको. 'ब्रो, यू मस्ट बी गुड अॅट डान्स' नको. आणि कृपा करून पहिल्याच भेटीत मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी काढू नका. इतिहास खरा आहे, अभिमानाने सांगण्यासारखाही आहे, पण समोर बसलेल्या घानाच्या मुलीचा त्या हबशी सरदारांशी तेवढाच संबंध आहे जेवढा तुमचा पोर्तुगालशी. पाचव्या-सहाव्या भेटीत तिने विचारलं तर खुशाल दौलताबादेपासून सुरुवात करा.

पश्चिम आफ्रिकेतून आलेल्यांशी बोलताना आधी अभिवादन, मग तब्येत, घरची ख्यालीखुशाली, आणि नंतर काम. लिफ्टमध्ये भेटल्या भेटल्या "मेंटेनन्स भरला का?" हे तिकडे उद्धट समजलं जातं. डाव्या हाताने पैसे किंवा वस्तू देणं आपल्यासारखंच त्यांनाही खटकतं.

हिंदीत बोलताना सर्वनाम सांभाळा. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे बाकीच्या भाडेकरूंना 'आप' म्हणतात आणि आफ्रिकी किंवा ईशान्येच्या मुलाला 'तू', हे सर्रास दिसतं. सहा महिने राहिलेल्या मुलाला तो फरक कळतो. आणि त्याच्यासमोर मराठीत त्याच्याविषयी बोलणं तर बंदच करा, न्यू जर्सीतल्या पॅन्ट्रीतसुद्धा. शब्द कळला नाही तरी नजर कुठे गेली ते कळतं, आणि 'काळ्या' हा शब्द आठवड्याभरात कळतोच.

रंग दिसतच नाही असं वागणं

पुष्कळ भली माणसं उलट्या टोकाला जातात. वंशाचा उल्लेखच करायचा नाही. इव्हान आपफेलबाऊम, सॅम्युअल सॉमर्स आणि मायकल नॉर्टन यांनी याची परीक्षा एका खेळाने घेतली: बऱ्याच फोटोंपैकी जोडीदाराच्या मनात कुठला आहे हे कमीत कमी प्रश्नांत ओळखायचं. "माणूस काळा आहे का?" या एका प्रश्नाने निम्मे फोटो बाद झाले असते, पण काळा जोडीदार समोर असताना अनेक गोऱ्यांनी तो टाळला. खेळ लांबला, आणि बघणाऱ्या काळ्या निरीक्षकांना ही टाळणारी माणसं कमी मैत्रीपूर्ण वाटली. असल्याच खेळात ८-९ वर्षांच्या मुलांनी १०-११ वर्षांच्या मुलांपेक्षा चांगली कामगिरी केली. मोठी मुलं न बोलायला शिकली होती.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच: वंश हा ओळखीचा सरळ तपशील असेल तिथे सरळ सांगा. "निळ्या शर्टातला, उंच, चष्मेवाला, तो... तुला माहितीये ना" असं गोल फिरण्यापेक्षा "तो केनियाचा, उंच मुलगा" म्हणा. समोरच्याने स्वतःहून घर न मिळाल्याची, पोलिसांनी अडवल्याची गोष्ट काढली, तर विषय बदलू नका आणि "असं सगळ्यांसोबतच होतं" असंही म्हणू नका. "मग पुढे काय झालं?" विचारा आणि ऐका. आपण होऊन मात्र तो विषय पहिल्या भेटीत काढायचा नाही. त्याला दिवसातून तीनदा आपल्या वंशाचा प्रवक्ता व्हायची हौस नसते.

आवडायचंय की मान हवाय

ही बाब कमी बोलली जाते आणि ऑफिसात सर्वांत उपयोगी आहे. हिलरी बर्गसीकर, शेल्टन आणि रिचसन यांनी २०१० मध्ये दाखवलं की वेगळ्या वंशाच्या माणसाशी बोलताना गोऱ्यांचा प्रयत्न आपण आवडावं हा असतो, काळ्या आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांचा प्रयत्न आपल्याला मान मिळावा हा. एक सलगी करतो, विनोद करतो, स्वतःची चेष्टा करून घेतो. दुसरा आपली हुशारी आणि क्षमता दाखवायला बघतो. पहिल्याला दुसरा रुक्ष वाटतो, दुसऱ्याला पहिला उथळ.

तेव्हा तुमच्या टीममध्ये तो एकटाच वेगळा असेल तर पाठीवर थाप आणि टोपणनाव नंतर. आधी कामाचं मत विचारा, चारचौघांत. त्याची कल्पना मीटिंगमध्ये वापरली तर त्याचं नाव घेऊन वापरा. आणि जिथे तुम्ही स्वतः एकटे वेगळे आहात, म्हणजे डॅलसच्या ऑफिसात एकमेव भारतीय, तिथे गोऱ्या मॅनेजरची अघळपघळ सलगी हा दरवेळी अपमान नसतो, हेही ध्यानात ठेवा.

कामातल्या चुका सांगण्यात वेगळी गफलत होते. केंट हार्बर यांनी १९९८ मध्ये पाहिलं की निबंध काळ्या विद्यार्थ्याचा आहे असं समजल्यावर गोऱ्या वाचकांनी त्यातल्या मजकुरावर नरम अभिप्राय दिले. दिसायला दया, परिणाम नुकसान: त्या मुलाला सुधारायचं काय ते कळतच नाही, आणि कोरड्या कौतुकावर विश्वासही बसत नाही. जेफ्री कोहेन, स्टील आणि ली रॉस यांच्या १९९९ च्या प्रयोगात जे चाललं ते असं: टीका पूर्ण करायची, पण तिच्यासोबत दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. इथला निकष उंच आहे, आणि तू तिथे पोचशील असं तुझं काम बघून मला वाटतं. दोन्ही वाक्यं लागतात. पहिलंच ठेवलं तर धमकी, दुसरंच ठेवलं तर थापेबाजी.

ओळखीची मैत्री

आर्थर अॅरन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली ३६ प्रश्नांची पद्धत अनेकांनी ऐकली असेल: १२-१२ प्रश्नांचे तीन संच, प्रत्येकी १५ मिनिटं, उथळाकडून खोलाकडे. एलिझाबेथ पेज-गूल्ड, रोडोल्फो मेंडोझा-डेंटन आणि लिंडा ट्रॉप यांनी २००८ मध्ये ती पद्धत वापरून गोऱ्या आणि लॅटिनो विद्यार्थ्यांच्या जोड्या तीन भेटींत एकत्र आणल्या. ज्यांच्या मनात आधी जास्त अढी होती त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, भेटींगणिक कमी झालं, आणि नंतर त्यांनी स्वतःहून अशा ओळखी जास्त केल्या. एका भेटीत हे झालं नाही, हे इथे महत्त्वाचं.

घरगुती रूप असं करता येईल. आठवड्याला एक याप्रमाणे तीन भेटी, प्रत्येक पाऊण तास. पहिलीत: घरी सकाळी काय खायचात, इथे काय मिळत नाही, बाजार कुठला बरा वाटला. दुसरीत: घर सोडताना सगळ्यात जास्त विरोध कुणाचा होता, इथे आल्यावर काय अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं. तिसरीत: परत निघून जावंसं कधी वाटलं, घरच्यांपासून काय लपवता. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुम्हीही द्यायचं, तेवढंच खरं. तुम्ही फक्त विचारत राहिलात तर ती चौकशी होते. एक पायरी आधी तुम्ही चढायची: घरच्यांपासून तुम्ही काय लपवता ते पहिल्यांदा सांगा. समोरचा नाही उतरला, तर मागच्या पायरीवर या आणि पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा.

एका खोलीत राहणाऱ्यांना वेगळा इशारा द्यायला हवा. नताली शुक आणि रसेल फॅझिओ यांनी २००८ मध्ये ओहायोतल्या वसतिगृहात योगायोगाने एकत्र पडलेल्या जोड्या पाहिल्या. वेगळ्या वंशाचा रूममेट मिळालेल्या गोऱ्या मुलांचं समाधान कमी होतं आणि ती एकत्र वेळही कमी घालवत होती, पण सत्र संपताना त्यांची धास्ती उतरली होती आणि मनातली अढीही सैल झाली होती. म्हणजे बाहेरून 'जमत नाहीये' असं वाटत असतानाच आत फरक पडत असतो. पहिल्या महिन्यात वॉर्डनकडे खोली बदलून मागण्याआधी हे आठवा. आणि भांडणाची खरी कारणं, म्हणजे दिवा किती वाजता, पाहुणे कधी, गाणी किती मोठ्याने, भांडी कुणाची, ही पहिल्याच आठवड्यात कागदावर ठरवून टाका. नाहीतर पंख्यावरचं भांडण संस्कृतीच्या नावावर जमा होतं.

वासाचं भांडण त्यातलं अव्वल. दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आणि बांबूचे कोंब शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका असं बजावलं होतं. सुकट-बोंबलावरून ज्यांच्या सोसायटीत नोटिसा लागल्या आहेत त्यांना यातली चव कळेल. तोडगा यंत्राचा आहे: एक्झॉस्ट पंखा, झाकणबंद डबा, ठरलेली वेळ. आणि नियम सगळ्यांना एकच.

चुकलं तर

चुकणारच. नाव चुकेल, नको तो विनोद तोंडून जाईल. दुरुस्ती त्याच वेळी, तीन तुकड्यांत: काय चुकलं ते नेमकं म्हणा, माफी एकदा मागा, पुढे चला. "तुझं नाव चुकलं, सॉरी, अदेबायो. तर मी काय म्हणत होतो..." झालं. "अरे देवा, मला इतकं वाईट वाटतंय, मी तसा नाहीये, माझे कितीतरी मित्र..." असं सुरू केलं की समोरच्याला तुमची समजूत घालत बसावं लागतं, म्हणजे दुहेरी काम. काही दिवसांनी कळलं की दुखावलं होतं, तर एकटं गाठून दोन वाक्यांत सांगा, ग्रुपवर नको.

वाईट भेट निस्तरायला हवी याला कारण आहे. स्टेफानिया पाओलिनी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की भेट वाईट झाली की समोरच्याचा गट जास्त ठळक दिसायला लागतो. चांगली भेट 'डेव्हिड चांगला आहे' इथे थांबते, वाईट भेट 'हे लोक असेच' इथे जाते.

सोसायटी, मंडळ, कॉलेज

एकेकट्याच्या चांगुलपणावर फार काळ चालत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या होत्या: भेटीत दर्जा समान, ध्येय एक, त्यासाठी सहकार्य, आणि वरच्यांचा पाठिंबा. थॉमस पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ३८ देशांतले ५१५ अभ्यास, अडीच लाखांवर माणसं, एकत्र तपासली. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो. या चार अटी असल्या तर जास्त, पण नसल्या म्हणून अजिबात नाही असंही नाही.

गणेशोत्सवात हे करून बघता येतं, आणि बहुतेक जण नेमकं उलटं करतात. परदेशी विद्यार्थ्यांना बोलावून फेटे बांधतात, स्टेजवर नाच करायला लावतात, फोटो पेपरला देतात. यात दर्जा समान नाही, कामही एक नाही. ते पाहुणे आणि करमणूक. त्याऐवजी मंडपाच्या रात्रपाळीत, वर्गणीच्या हिशेबात, विसर्जनाच्या दोरखंडावर नाव टाका, जोडीला स्थानिक मुलगा द्या, आणि अध्यक्षांनी ते सगळ्यांसमोर जाहीर करावं. धार्मिक कारणाने कुणी नको म्हणालं तर आग्रह नाही. रक्तदान शिबिर आहे, पाण्याच्या टँकरची रांग आहे. फुटबॉल ठेवलात तर 'आफ्रिका विरुद्ध भारत' असे संघ पाडू नका, चिठ्ठ्या टाकून मिसळा.

घरमालकांना नकाराचं निमित्त म्हणून 'पोलिसांची कटकट' आठवते. परदेशी भाडेकरू आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मवर (पूर्वीचा 'सी फॉर्म') सरकारला ऑनलाइन कळवायची, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ठेवायच्या, भाडेकरार नोंदवायचा, कटकट एवढीच. सोसायटीत एखाद्या जुन्या सभासदाने घर दिलं आणि ते नीट चाललं, की बाकीच्यांचं मन वळायला तेच सर्वांत जास्त उपयोगी पडतं. आपल्यातल्या कुणाची तरी त्यांच्यात मैत्री आहे हे नुसतं माहीत असल्यानेही पूर्वग्रह सैल होतो, हे स्टीफन राइट यांनी १९९७ मध्येच दाखवलं आहे.

जिथे हे उपाय लागू नाहीत

ऑगस्ट २०१२ मध्ये एसएमएसवरच्या अफवांनी बंगळुरू आणि पुण्यातून ईशान्येकडचे हजारो लोक गाड्या भरून गावी गेले. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलच्या नीडो तानियाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी तपासायला केंद्राला बेझबरुआ समिती नेमावी लागली. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. याला अवघडलेपण म्हणत नाहीत. घर नाकारणं, जास्त भाडं लावणं, रस्त्यात शेरे मारणं यांवर 'गप्पा वाढवा' हा सल्ला देणाऱ्याने आधी थांबावं. तामार सागी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलंय की गोड संपर्कामुळे दुबळ्या गटाला 'आता आपल्याला न्याय मिळेल' असं वाटायला लागतं, प्रत्यक्षात मिळत नाही.

तुमच्यासमोर असं घडलं तर क्रम हा. मारहाणीची शक्यता दिसली तर आधी ११२ला फोन, मग बाकी. नुसते शेरे असतील तर शेरे मारणाऱ्याशी वाद घालण्याऐवजी ज्याच्यावर ते मारले जातायत त्याच्याजवळ जाऊन उभे राहा आणि साधं काहीतरी बोला: "चला, मी गेटपर्यंत येतो." शेरे मारणारा ओळखीचा असेल, काका-दादांपैकी, तर तिथल्या तिथे एकच वाक्य: "दादा, असं नका बोलू, तो इथे राहतो." त्याला लाजवून भाषण दिलंत तर तो अडून बसतो. नंतर त्या मुलाला विचारा, तक्रार करायची आहे का. हो म्हणाला तर तारीख, वेळ, जागा, बोललेले शब्द आणि साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहून काढा, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी सेक्रेटरीकडे लेखी मागा, आणि पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर जा. नाही म्हणाला तर त्याच्या वतीने ग्रुपवर काही टाकू नका.